भुजाबाचे सोळा

एका जंगलात एक अस्वल राहत होते आणि त्याला गणित येत होते. म्हणजे, तसे त्याला वाटत होते. मुलांनो, मोठ्यांच्या जगात या दोन गोष्टी एकच धरतात, म्हणून आपणही तूर्त तसेच धरून पुढे जाऊ.

अस्वलाचे नाव भुजाबा. तो वयाने थकला होता. तोंडाभोवतीचे केस पांढरे झाले होते आणि दाढा झिजून सपाट झाल्या होत्या. तो हळू चालायचा आणि त्याहून हळू बोलायचा. जो हळू बोलतो तो विचार करून बोलतो, असे जंगलात सगळ्यांना वाटे. भुजाबाचे तसे काही नव्हते. त्याला शब्द उशिरा सापडत, एवढेच. पण त्या गैरसमजापोटी त्याला मान मिळत होता, आणि मिळणारा मान परत करायला कोण जातो?

भुजाबाचा एकच जिवाचा मित्र होता. गोंदाजी साळिंदर. दोघे रोज दुपारी बेहड्याच्या झाडाखालच्या चपट्या खडकावर जेवायला बसत. किती वर्षे बसत होते, ते दोघांनीही मोजले नव्हते. भुजाबा झाडावर चढून मधाचे पोळे काढी, कारण गोंदाजीला चढता येत नसे. गोंदाजी जमिनीतून कंद उकरून आणी, आणि ते कुरतडून त्यांचे बारीक तुकडे करी, कारण भुजाबाला चावता येत नसे. तुकडे भुजाबापुढे सारताना गोंदाजी मुद्दाम दुसरीकडे बघायचा. म्हाताऱ्याला लाजल्यासारखे होऊ नये म्हणून.

जेवताना ते फारसे बोलत नसत. बोलले तर हवेबद्दल. असे त्यांचे चांगले चालले होते.

आता भुजाबाच्या शिक्षणाबद्दल सांगायला हवे. ते थोडेच आहे, लगेच संपेल.

जंगलातली शाळा ससेमास्तरांची होती आणि ती ससेमास्तरांच्या बिळात भरायची. पहिलीत भुजाबा बिळात सहज मावला. दुसरीत तो अंग चोरून मावला. तिसरीत तो दारात अडकला आणि चार रानडुकरांनी मागून ओढून त्याला बाहेर काढले. तिथे त्याचे शिक्षण थांबले. पुढे काही दिवस तो बिळाबाहेर बसून आतले ऐकायचा. आतून मुले एका सुरात म्हणायची, ‘कंचेभागुबेव, कंचेभागुबेव.’ ते काय आहे हे त्याला कळले नाही, पण ऐकायला ते मंत्रासारखे वाटे. त्याने ते पाठ केले. पुढे आयुष्यभर भुताच्या ओढ्यावरून एकटे जाताना तो मनातल्या मनात ‘कंचेभागुबेव’ म्हणायचा. त्याला एकदाही भूत भेटले नाही. त्यामुळे शाळेत शिकलेले वाया जात नाही, असे त्याचे पक्के मत होते.

गोंदाजी लहान चणीचा असल्यामुळे चौथीपर्यंत बिळात मावला. पण हे त्याने कधी बोलून दाखवले नव्हते. भुजाबाही हळूहळू विसरून गेला होता.

एके दिवशी शहरातून एक पोपट जंगलात परत आला. सात वर्षे तो कुणाच्या तरी गॅलरीत पिंजऱ्यात होता. शहरातली माणसे सकाळी उठल्या उठल्या काय करतात, असे सगळ्यांनी त्याला विचारले. पोपट म्हणाला की ती एकमेकांना कोडी पाठवतात आणि मग दिवसभर भांडतात. हे ऐकून सगळ्यांना शहराबद्दल आदर वाटला. आपल्याकडेही असे काही हवे, असे ठरले.

मग पाणवठ्याकाठी जो मोठा पांढुरका खडक आहे, त्याच्यावर पोपटाने सांगितले आणि माकडाने लाल मातीने लिहिले :

२ + २ × ४ = ?

त्याच्या खाली लिहिले, ‘शंभरातले नव्वद चुकतात. बघा, तुम्हाला जमते का.’

मुलांनो, हे खालचे वाक्य फार वाईट. ते नसते तर जनावरे पाणी पिऊन घरी गेली असती. पण ते वाचून शंभरच्या शंभर जनावरांना आपण उरलेल्या दहांपैकी आहोत, अशी खात्री झाली. उरलेल्या दहांत शंभर कसे मावणार, हे गणित मात्र कुणी केले नाही.

तेवढ्यात भुजाबा आणि गोंदाजी पाणी प्यायला आले. सगळ्यांनी वाट करून दिली. भुजाबा आता काय सांगतो याकडे सगळ्यांचे डोळे लागले. भुजाबाने खडकाकडे पाहिले. गणित पाहून त्याला बरे वाटले, कारण त्यातले सगळे आकडे त्याच्या ओळखीचे होते. त्याने डावीकडून सुरुवात केली. दोन नि दोन चार. चार चोक सोळा.

“सोळा,” तो म्हणाला. हळू म्हणाला, त्यामुळे ते आणखी खरे वाटले.

माना डोलल्या. ज्यांचे उत्तर आधी दुसरे काही होते त्यांचेही सोळा झाले.

शेजारून गोंदाजी पुटपुटला, “दहा.”

तो अगदी हळू बोलला होता. भुजाबाला ऐकू आले नसते तरी चालले असते. पण आले, आणि भोवतालच्या चौघांनाही आले. भुजाबा इतक्या वर्षांत गोंदाजीला कधी टोचून बोलला नव्हता. पण इतके सगळे एकदम त्याच्याकडे बघत आहेत, असेही कधी झाले नव्हते.

तो म्हणाला, “गोंदा, जमिनीखाली उकरून उकरून तुझे आकडेसुद्धा खाली गेले की रे. सोळाचे दहा झाले.”

जनावरे खूप हसली. भुजाबाही हसला. गोंदाजी हसला नाही.

त्याने समजावून सांगायचा प्रयत्न केला. मास्तर म्हणायचे की बेरजेच्या आधी गुणाकार करायचा, मग तो डावीकडे असो की उजवीकडे. कंचेभागुबेव ते त्याचसाठी. भुजाबा चमकला. तो मंत्र गणिताचा असेल, असे त्याच्या स्वप्नातही आले नव्हते. पण आता ते सगळ्यांपुढे कबूल करायचे म्हणजे भुताच्या ओढ्याचीही गोष्ट निघाली असती. 

गोंदाजी म्हणाला, “अरे, आपल्या पाणवठ्यावर काय चालते? आधी आला तो आधी पितो का? हत्ती कितीही आधी येवोत, लेकुरवाळी आली की तिला पुढे सोडतात. गुणाकार म्हणजे लेकुरवाळी समज. ती मागून आली तरी आधी.”

हे खरे होते. त्या जंगलात पाण्यासाठी कधीच भांडण झाले नव्हते, ते या रीतीमुळेच. पिल्लू बरोबर असलेली आई आधी. मग म्हातारी. मग दुखणेकरी. मग बाकीचे, आले असतील तसे. ही रीत कुणी कुणाला शिकवली नव्हती, कुणी खडकावर लिहिली नव्हती आणि कुणी चुकतही नव्हते. जी जनावरे रोज सकाळ-संध्याकाळ असे अवघड गणित न चुकता करत, त्यांना खडकावरचे एवढेसे गणित येईना.

भुजाबालाही क्षणभर वाटले की गोंदाजी म्हणतो त्यात काहीतरी आहे. पण हसण्याची चव जिभेवर होती.

“आणि बेरजेचे काय?” त्याने विचारले. “तिचे लग्नच जमले नाही वाटते अजून?”

पुन्हा सगळे हसले. गोंदाजी वळला आणि पाणी न पिताच निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी भुजाबा चपट्या खडकावर आला. मधाचे पोळे समोर ठेवून बसला. गोंदाजी आला नाही. सावली खडकावरून सरकली, मधाला मुंग्या लागल्या, तरी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. भुजाबाने स्वतःच एक कंद उकरला आणि तोंडात घातला. तो कंद त्याने संध्याकाळपर्यंत या गालातून त्या गालात फिरवला आणि शेवटी होता तसा बाहेर काढून ठेवला.

इकडे जंगलात दोन पक्ष पडले. सोळावाले आणि दहावाले.

माकडाने पर्यटकांच्या गाडीतून उचललेले एक बटणांचे यंत्र होते. ते आणले. माकडाने दोन, अधिक, दोन, गुणिले, चार अशी बटणे ओळीने दाबली. यंत्राने सोळा दाखवले. सोळावाल्यांनी जल्लोष केला. दहावाले म्हणाले की यंत्र बिचारे दाबणाऱ्याच्या मागून चालते, त्याला पुढचे कुठे दिसते? त्यावर माकडाला राग आला आणि तो पक्का सोळावाला झाला. रानडुक्कर म्हणाले, आमच्या वेळी असेच शिकवायचे. वास्तविक रानडुक्कर शाळेत फक्त भुजाबाला ओढायला गेले होते. पण ‘आमच्या वेळी’ म्हटले की पुढचे कुणी तपासत नाही.

ससेमास्तरांना विचारावे, असेही एकाने सुचवले. पण मास्तर जाऊन बरीच वर्षे झाली होती. ते असते तरी उपयोग झाला नसता. कारण दोन्ही पक्षांचे मत असे पडले की मास्तर असते तर आपल्याच बाजूने बोलले असते.

सोळावाल्यांनी भुजाबाला आपला पुढारी केले. त्याच्या गळ्यात पळसाच्या फुलांची माळ घातली आणि चार शब्द बोलायला सांगितले. भुजाबाला बोलायचे नव्हते. पण माळ गळ्यात होती आणि ती काढून ठेवून बोलता येत नाही. तो म्हणाला, “आपण वाचतो ते डावीकडून. वाट चालतो ती पहिल्या पावलापासून. जो आधी आहे तो आधी. मागच्याने मध्ये घुसू नये.”

हे भाषण फार गाजले. भुजाबा स्वतः त्यात काय म्हणाला हे त्याला दुसऱ्या दिवशी कळले.

दुसऱ्या दिवशी तो पाणवठ्यावर गेला तर तिथे रांग लागली होती. सोळावाल्यांनी नवा नियम केला होता : जो आधी आला तो आधी पिणार. भुजाबाच्याच शब्दांत ते सांगत होते. मागच्याने मध्ये घुसू नये. उन्हाळ्याचे दिवस होते, पाणी खाली गेले होते. रांगेच्या शेवटी एक चितळ उभी होती आणि तिच्या पायांत चार दिवसांचे पाडस होते. ते उभे राहायचे, पुन्हा बसायचे. पुढे रानडुकरे पाण्यात लोळत होती. चितळीची पाळी आली तेव्हा नुसता चिखल उरला होता.

तिने भुजाबाकडे पाहिले. तिच्या नजरेत तक्रार नव्हती. ती फक्त विचारत होती की असेच आहे का, काका?

भुजाबाला म्हणायचे होते की असे नाही. पण सगळा नियम त्याच्याच भाषणातला होता. आपण सहज बोललेले दुसऱ्यांनी खरे मानले की फार पंचाईत होते. तो चितळीला ओढ्याच्या वरच्या अंगाला घेऊन गेला, वाळूत पंजाने खड्डा केला, पाणी झिरपेपर्यंत बसला आणि पाडस पिऊन झाल्यावर उठला. परत येताना त्याने माळ काढून एका झुडपावर अडकवली. पण ती सोळावाल्यांपैकी कुणालातरी सापडली आणि त्यांनी ती पुन्हा आणून घातली. पडली होती म्हणाले.

भुजाबा रोडावला. नुसत्या मधावर दिवस निघत नाहीत. आणि मध एकट्याने खाल्ला की गोड कमी लागतो. हे त्याला पूर्वी माहीत नव्हते.

आठव्या दिवशी दुपारी तानूबाई आली. तानूबाई म्हणजे गोंदाजीची बायको. ती भुजाबाच्या गुहेच्या तोंडाशी थांबली आणि म्हणाली, “भावजी, आहात का?”

भुजाबा म्हणाला, “या वहिनी.” आणि पुढे काय बोलावे हे न सुचून हवा फार तापली आहे, असे म्हणाला.

तानूबाईने सांगितले की घरात कंदांचे तुकडे फार साठले आहेत. हे रोज दुपारी कुरतडून ठेवतात. कुणासाठी म्हणून विचारले तर बोलत नाहीत. सवय आहे म्हणतात. मग ते तुकडे वाळून जातात. अन्नाची अशी नासाडी तिला बघवत नाही, म्हणून ती घेऊन आली आहे. त्यांना सांगितलेले नाही. सांगायचीही गरज नाही.

तिने पळसपानांचे दोन द्रोण खाली ठेवले. मग मुठीतले दोन सुटे तुकडे त्यांच्या शेजारी ठेवले.

“हे दोन द्रोणांत बसेनात, म्हणून हातात धरून आणले,” ती म्हणाली. “द्रोणांत चार-चार आहेत. बघून घ्या. वाटेत पडलाबिडला असेल एखादा.”

भुजाबाने पंजा पुढे करून मोजले. दोन सुटे. मग पहिल्या द्रोणातले चार. मग दुसऱ्या द्रोणातले चार.

“किती आहेत?” तानूबाईने विचारले.

“दहा,” भुजाबा म्हणाला.

आणि त्याचा पंजा तसाच हवेत राहिला.

दोन सुटे. अधिक दोन द्रोण. द्रोणात चार-चार. दोन, अधिक दोन गुणिले चार. पाणवठ्याच्या खडकावरचे गणित त्याच्या गुहेच्या दारात, पळसपानावर मांडून ठेवले होते. त्याने ते पुन्हा मोजले. उलटे मोजले, द्रोणांपासून सुरू करून. तरी दहाच. त्याने सोळा करून बघायचा प्रयत्न केला. पण सोळा व्हायचे तर त्या दोन सुट्या तुकड्यांनाही द्रोण म्हणावे लागले असते, आणि त्यांच्यात नसलेले चार-चार तुकडे धरावे लागले असते. भुजाबाने त्या दोन तुकड्यांकडे बराच वेळ पाहिले. ते काही केल्या द्रोण होईनात.

“बरोबर आहेत ना?” तानूबाई म्हणाली.

“बरोबर आहेत,” भुजाबा म्हणाला. “आधीपासूनच बरोबर होते.”

तानूबाईला यातले काही कळले नाही. ती कुठल्याच पक्षात नव्हती. तिला घरी कामे होती. ती गेली. भुजाबाने दहाच्या दहा तुकडे खाल्ले. शेवटचा तुकडा त्याने फार वेळ चघळला.

आता काय करायचे? तुम्हाला वाटेल की सोपे आहे. जावे आणि सांगावे, माझे चुकले. मुलांनो, तुम्हाला ते सोपे वाटते, कारण तुमच्या गळ्यात अजून कुणी माळ घातलेली नाही.

तरी भुजाबाने प्रयत्न केला, हे सांगायलाच हवे. तो एका वारुळापुढे उभा राहिला आणि तीन वेळा म्हणाला, “माझे चुकले. दहा आहे.” वारुळापुढे ते छान जमले. मग तो संध्याकाळी पाणवठ्यावर गेला. सोळावाले उठून उभे राहिले. रानडुकरांनी त्याला उंच जागा दिली. माकडाने यंत्र वर धरले. भुजाबाने तोंड उघडले. सगळे शांत झाले.

“सोळा,” भुजाबा म्हणाला.

त्याने ते म्हटले नव्हते. ते निघाले. परत येताना त्याला इतकी लाज वाटली की तो वाटेवरून न चालता झुडपांतून चालला.

रात्रभर तो बिळाबाहेरचे दिवस आठवत राहिला. आतून मास्तरांचा आवाज यायचा. मंत्रातले पहिले अक्षर कशाचे, हे मास्तर सांगायचे. कं म्हणजे कंस. कंस म्हणजे दोन हात. ज्यांच्याभोवती ते हात आहेत, त्यांना सगळ्यांत आधी घ्यायचे. बिळाबाहेर बसलेल्या लहान अस्वलाला तेव्हा वाटले होते की मास्तरांनी आपल्याभोवतीही असे हात धरावेत. ते एवढेच त्याच्या लक्षात राहिले होते.

भल्या पहाटे भुजाबा उठला. ओढ्याकाठची ओली लाल माती पंजात घेऊन तो पाणवठ्यावर गेला. तिथे कुणी नव्हते. त्याने पहिल्या दोनच्या अलीकडे एक वाकडी रेघ ओढली. कंस झाला. तो मागे सरून बघू लागला. चांगला दिसत होता. मग दुसरा कंस काढायला त्याने पंजा अगदी शेवटी, चारच्या पलीकडे नेला.

“तिथे काढलास तर दहाच राहतील,” मागून कुणीतरी म्हणाले.

भुजाबा दचकला नाही. तो आवाज त्याला झोपेतही ओळखता आला असता. त्याने वळून पाहिले. गोंदाजी उभा होता. त्याच्या तोंडातून आत्ताच खाली ठेवलेली ओल्या पाल्याची जुडी पायाशी पडली होती.

“तू काय करायला आलास?” भुजाबाने विचारले.

“पुसायला,” गोंदाजी म्हणाला. “सगळेच पुसून टाकावे म्हटले.”

दोघे खडकाकडे बघत उभे राहिले. एक जण चूक झाकायला आला होता आणि दुसरा बरोबर असलेले पुसायला आला होता. दोघांच्याही अंगावर दव पडले होते.

“कुठे काढू मग?” भुजाबाने खाली बघत विचारले.

“दुसऱ्या दोनच्या पलीकडे. गुणिलेच्या अलीकडे.”

“तिथे जागा नाही रे. माझा पंजा केवढा.”

जागा खरोखरच बोटभर होती. गोंदाजी पुढे आला. त्याने पाठीवरचा एक काटा उपटला, तो भुजाबाच्या पंजातल्या मातीत बुडवला, आणि दुसऱ्या दोनच्या नि गुणिलेच्या मध्ये एक बारीक, नीट कंस काढला. चौथी शिकलेल्याच्या हातचा.

“आता?” भुजाबाने विचारले.

“आता सोळा,” गोंदाजी म्हणाला.

ऊन वर आल्यावर जनावरे आली. खडकावर कंस पाहून आधी सगळी जवळ सरकली. मग पोपट म्हणाला की कंस पहिल्यापासूनच होते, त्याने शहरातून कंसांसकट आणले होते, पण या जंगलात नीट बघतो कोण? माकड म्हणाले, तसे लिहिल्याचे आपल्याला आठवते आहे. सोळावाले नाचले. दहावाल्यांना वाईट वाटले नाही. ते म्हणाले, कंस आम्हाला उन्हात दिसला नव्हता, दिसला असता तर आम्हीही सोळाच म्हटले असते. यंत्रही बरोबर निघाले. अशा प्रकारे त्या जंगलात कुणाचेच चुकलेले नव्हते, हे सिद्ध झाले.

सोळावाल्यांनी भुजाबाला पुन्हा भाषण करायला सांगितले. भुजाबा म्हणाला की आपण जिंकलो, आता नियम कशाला हवा? हे सगळ्यांना पटले. जिंकल्यावर नियमाचा तसाही कंटाळा येतो. रांग मोडली. चितळ पाडसाला घेऊन पुढे आली आणि रानडुकरे आपोआप बाजूला सरली, जणू मधले दिवस आलेच नव्हते.

दुपारी चपट्या खडकावर भुजाबा पोळे घेऊन बसला. गोंदाजी कंद घेऊन आला. त्याने ते कुरतडले, तुकडे केले, आणि दुसरीकडे बघत पुढे सारले.

भुजाबाने तुकडा उचलला. तोंडापर्यंत नेला आणि तिथेच धरून ठेवला.

“गोंदा,” तो म्हणाला, “दहाच होते रे.”

“माहीत आहे,” गोंदाजी म्हणाला. “खा. मध वाहून चाललाय.”

तात्पर्य : आपले उत्तर चुकले असे कळले तर उत्तराला मुळीच हात लावू नये. त्याच्यासाठी भाषण झालेले असते, माळ घातलेली असते. बदलायचेच तर गणित बदलावे. मोठी माणसे असेच करतात आणि म्हणूनच ती कधी चुकत नाहीत. मात्र कंस नेमका कुठे काढायचा, हे ज्याचे उत्तर बरोबर होते त्यालाच विचारावे लागते. म्हणून अशा एकाशी तरी भांडण फार दिवस ठेवू नये.